काळ्या धाग्याकडे बघ

नौपाडा, ठाणे

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

सानपाड्याच्या खोलीवर तुम्ही मैत्रिणी जुने पौराणिक सिनेमे लावून हसता म्हणे. खुशाल हसा, पण आधी टीव्हीचं सेटिंग बघ. हे सिनेमे 4:3 मापातले. चित्र रुंद ताणलंस तर हनुमंताची गदा तव्यासारखी चपटी होते. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत.

देव अंतर्धान पावतो तिथे नारदाकडे नको, मागे चवरी ढाळणाऱ्या दासीकडे बघ. कॅमेरा थांबवतात, नट बाजूला होतो, कॅमेरा पुन्हा सुरू. तेवढा वेळ बाकीच्यांनी पुतळे व्हायचं. दासीचा हात इंचभर उडाला की सांधा सापडला.

एकाच नटाची दोन रूपं शेजारी हवीत तर लेन्सचा अर्धा भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि दुसरा अर्धा झाकून पुन्हा. मधली रेघ ओलांडली की हात मनगटापासून गायब! फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये (1917) अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही, अशांना एका चौकटीत आणायचं तर ही युक्ती, नाहीतर पाठमोरा बदली नट.

हवेतली अस्त्रं म्हणजे धाग्याचा खेळ. पडद्यावरचे चमत्कार घडवणाऱ्या बाबूभाई मिस्त्रींना ‘काला धागा’च म्हणायचे. काळा धागा काळोखात लपतो, उजळ आकाशावर उघडा पडतो. अस्त्र स्वतःभोवती गिरक्या घेत असेल तर एकाच धाग्यावर भागवलंय असं समज.

खरी काटकसर पाण्यात कळते. 1:16 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढं खेळण्यातलं जहाज भारदस्त दिसायला कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम, चालवावा लागतो. म्हणजे फिल्मही चौपट वेगाने संपते, आणि स्वस्तातला निर्माता नेमका तिथेच हात आखडतो. मग समुद्रात जहाज बुचासारखं डुचमळतं. वेग पुरेसा असला तरी थेंब काही लहान होत नाहीत. दिवाळीत आलीस की तलावपाळीला कागदी होडी सोडू. फोन पाण्यालगत धर, स्लो-मोशन लाव. होडी डौलात जाईल, पण उडालेला थेंब तिच्या शिडाएवढा दिसेल.

या शनिवारी बाबूभाईंचंच ‘संपूर्ण रामायण’ (1961) लावा. खोलीतला दिवा मात्र मालव. काचेवर त्याचा उजेड पडला की धागे दिसत नाहीत.

तुझा,
बाबा