पोलीस पाटील झालास म्हणून

संकेश्वर,
12 जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या नेमणुकीची बातमी भावोजींकडून कळली. प्रांतांच्या सहीचं पत्र हातात पडलं म्हणे. फार बरं वाटलं बघ. फोनवर अभिनंदन केलंच, पण मला जे सांगायचंय ते फोनवर आटपणारं नाही. आमच्या वाचनालयासाठी इथल्या पोलिसांचा इतिहास लिहायचं काम मी अंगावर घेतलंय, आणि जुनी कागदपत्रं चाळताना सारखा तुझ्याच पदाशी येऊन थांबतोय.

लोकांना वाटतं, पोलिसांचा इतिहास म्हणजे ठाणं कधी बांधलं आणि फौजदार कोण कोण होऊन गेले. पण इंग्रज अमदानीत इकडच्या खेड्यांचा रोजचा बंदोबस्त चावडीच ठेवायची. 1827 चं बारावं रेग्युलेशन आणि पुढं 1867 चा मुंबई ग्रामपोलीस कायदा, दोन्हींत भार पाटलावरच. गुन्ह्याची आणि रोगराईची खबर वर कळवायची, बेवारस माल ताब्यात घ्यायचा, संशयास्पद मरण झालं तर पंच जमवून प्रेत पाहायचं. शिवीगाळ-मारामारीसारख्या किरकोळ प्रकरणात माणसाला 24 तास चावडीत कोंडायचा अधिकारही काही पाटलांना दिलेला असे. हाताखाली शेतसनदी. बेळगाव-धारवाडकडची ही माणसं जमिनीच्या बदल्यात गावची राखण करायची आणि सरकारी निरोप पोचवायची.

आमच्या माळ्यावरच्या दप्तरात पणजोबांच्या हातचा एक मोडी कागद सापडला. तांबडी गाय, उजवं शिंग मोडकं, तीन दिवस चावडीपुढं बांधली, वैरणीचा खर्च अमुक, चौथ्या दिवशी धनी येऊन घेऊन गेला. खाली दोन पंचांच्या निशाण्या, त्यातली एक नांगराची. एवढंच. पण एका मुक्या जनावरासाठी केवढी काळजी घेतलीय! असा कागद हातात आला की मी तासभर दुसरं काही करू शकत नाही.

वतनाची बाजू मी झाकणार नाही. पाटीलकी एकाच घरात पिढ्यान् पिढ्या राहिली आणि महार वतनदारांना त्याच वतनाच्या नावाखाली गावानं राबवून घेतलं. ते वतन गेलं ते योग्यच झालं, आणि माझ्या घरचं गेलं म्हणून माझं मत बदलत नाही.

आता सीमेचं. आपण सगळा दोष 1956 च्या राज्य पुनर्रचनेला देतो. पण तुमचं गडहिंग्लज होतं कोल्हापूर संस्थानात आणि आमचं संकेश्वर इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे हिरण्यकेशीच्या काठाला हद्द पूर्वीपासूनच होती. इकडं हात मारून चोर तिकडं पसार झाला की दोन वेगळ्या सरकारांचा मामला. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. मधली जवळपास पावणेआठ वर्षं तेवढी तुझं गाव आणि माझं गाव एका सरकारच्या, एका पोलीस खात्याच्या हाताखाली होती. चंदगडचं उलटं झालं, बेळगाव जिल्ह्यातला तो मुलूख कोल्हापूरला गेला.

त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या. म्हैसूर सरकारनं 1961 च्या कायद्यानं गावकामगारांची वंशपरंपरागत पदं काढून टाकली. वतनी पाटीलकी महाराष्ट्रानंही मोडली, पण 1967 चा ग्रामपोलीस कायदा करून पोलीस पाटील मात्र ठेवला, अर्ज-परीक्षेतून नेमलेला. इकडं चावडीची जागा ठाण्यानं घेतली. एका बाजूनं वर दुमडलेली हॅट घातलेला शिपाई हेच आमच्या लहानपणी पोलिसांचं रूप. त्यातले बरेच आमच्या घरी चहा पिऊन गेलेत, मराठीत बोललेत. तरी ते बदलीवर आलेले, बदलीवर जाणारे. निपाणीला 1981 मध्ये तंबाखू उत्पादकांवर आणि बेळगाव भागात 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला. माणसं गेली. ती घरं अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. गावातली माणसं आणि सरकार यांच्यामध्ये दोघांनाही ओळखणारं कुणी उभं असतं, तर काही ठिकाणी तरी गोष्ट बंदुकीपर्यंत गेली नसती, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या पावसाळ्यातलं सांगतो. आमच्या एका म्हाताऱ्या चुलतीच्या गळ्यातली बोरमाळ गेली. तालुक्यातल्या एका ठाण्यावर तक्रार कन्नडात लिहून घेतली आणि न वाचून दाखवताच अंगठा घेतला. माळ देवळाच्या वाटेवर गेली होती, कागदावर बाजारात गेल्याचं लिहिलेलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार वाचून दाखवायची असते, प्रतही फुकट द्यायची असते. मी गेलो, सांगितलं, दुरुस्ती झाली. पण ज्याच्याबरोबर जायला कुणी नाही त्यानं काय करायचं? 2025 पासून कर्नाटकात शिपायांनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची योजना सुरू झालीय. चांगली आहे, मी तिच्या बाजूनं आहे. मात्र जे काम जुना पाटील ओट्यावर बसून करायचा, त्याच्यासाठी आता बाहेरून माणूस पाठवावा लागतोय.

म्हणून तुला सांगतो, या पदाला दाखले देणारं पद समजू नकोस. रोजची नोंद ठेव, बारीकसारीक गोष्टीही लिही. बाईमाणूस तक्रार घेऊन आलं तर ठाण्यापर्यंत स्वतः बरोबर जा. पंचनाम्यावर सही करण्याआधी जागेवर जाऊन ये. हद्दीपलीकडच्या आमच्या बीटच्या शिपायाशी ओळख काढ. गाडी, जनावर, चुकलेलं पोर, सगळं याच नदीवरून ये-जा करतं.

आणि एक काम. तुमच्या गावच्या जुन्या पाटील घराण्याकडं संस्थानी काळातलं दप्तर असेल. तुला आता नाही म्हणणार नाहीत ते. मोडी असेल तर मी वाचतो, फक्त कागद ओल लागू न देता कापडात बांधून ठेवायला सांग. पुढच्या रविवारी मी गडहिंग्लजला येतोय, तेव्हा आपण दोघं मिळून त्यांच्याकडं जाऊ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
संकेश्वरचा दोस्त