थेंब पडतो तिथे गळती असतेच असे नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या तेलावरून दुचाक्या घसरतात, अग्निशमन दलाचे जवान येऊन माती टाकतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात त्याची चार ओळींची बातमी येते. ते तेल कोणाच्या तरी गाडीखालून ठिबकलेले असते. पुष्कळदा ते मालकाला ठाऊकही असते. पण एकदा पैसे मोजूनही गळती न थांबल्यामुळे त्याने तिचा नाद सोडलेला असतो. ती का थांबत नाही, याचा माझ्या गाडीपुरता अनुभव येथे मांडतो.

माझी गाडी 2007 सालची, जुनी घेतलेली, परदेशी बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. कोथरूडच्या गल्लीत अशी गाडी बाळगणे ही हौस आहे, गरज नाही, हे मान्य. तिचे इंजिन आसनांच्या पाठीमागे असून त्याच्यामागे गिअरबॉक्स जोडलेला आहे. गेल्या नोव्हेंबरात आमच्या सोसायटीच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर सकाळी आठ आण्याच्या नाण्याएवढा काळपट डाग दिसू लागला आणि चौथ्या दिवशी वायपरखाली सचिवांची चिठ्ठी आली.

एका वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ओल होती. तेवढी पाहून, पाच मिनिटांच्या आत, ‘क्रँकचे मागचे ऑइल सील गेले आहे’, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारे कडे खराब झाले आहे, असे सांगण्यात आले. ते बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलायची, असा सव्वा लाख रुपयांचा अंदाज हाती पडला. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. ते सील गेले तर तेल त्याच जागी दिसते. पण त्याच जागी तेल दिसले म्हणजे सीलच गेले, हा उलटा निष्कर्ष निघत नाही.

तेल फटीतून निघते आणि इंजिनाच्या अंगावरून, कडेकडेने, बोल्टाच्या डोक्यांना वळसे घालत खाली येते. गाडी धावत असताना खालून जाणारा वारा ते मागे ढकलतो. खाली प्लॅस्टिकचा पत्रा असेल तर त्यावर ते साचते आणि पत्र्याच्या सर्वांत खालच्या भोकातून टपकते. त्यात जमीन उताराची असली तर डाग आणखी कुठेतरी उमटतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टरची ओ-रिंग, चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागाच्या) ड्रेन नटचा दाबला गेलेला जुना वायसर, यांपैकी कोणाचेही तेल शेवटी त्याच सांध्यापाशी येऊ शकते. म्हणून ओल जिथे आहे तिथे न थांबता, ती वर जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत पाहावे लागते.

लाखाचा खर्च टाळण्यासाठी मी आधी घरचा उद्योग केला. रात्री गाडीखाली आपल्या दैनिकाचे जुने अंक पसरले (संपादकांनी राग मानू नये, त्या कागदावर डाग फार स्पष्ट उठतो) आणि चाकांच्या जागा पेनाने आखून घेतल्या. आठवडाभरात एवढे कळले की रोज पाचेक थेंब पडतात आणि ते इंजिन ऑइलचेच आहेत. एका मिलिलिटरमध्ये वीस ते तीस थेंब धरले तर ही गळती महिन्याला पाच-सात मिलिलिटर होते. इंजिनात तेल सुमारे आठ लिटर. म्हणजे घाई नव्हती, शोधायला वेळ होता. हाच द्रव ब्रेक ऑइल असता, तर एक थेंबही किरकोळ म्हणता आला नसता आणि गाडी जागची हलवायची नव्हती. कुलंट असता तर गोडसर वास आला असता. तो चाटला तर कुत्र्या-मांजरांना विषबाधा होते, म्हणून तोही तसाच राहू देऊ नये. एसीचे पाणी मात्र बिनवासाचे, बिनरंगाचे असते आणि कागदावर डाग न ठेवता वाळते.

पुढे नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलो असता एका ज्येष्ठ फिटरची गाठ पडली. त्यांनी गाडी पाहण्याआधी विचारले, ‘थांबलेली असताना इंजिनाचा आवाज वर-खाली होतो का?’ होत होता, पण हा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी इंजिन खालून-वरून डिग्रीजरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, धुतले, वाळवले, तेलात चमकणारा रंग थोडासा टाकला आणि मला कात्रज घाट चढून परत यायला सांगितले. परतल्यावर आसनांमागचा गालिचा उचलून, झाकण काढून, त्यांनी अंधारात जांभळा टॉर्च मारला. इंजिनाच्या माथ्यापासून सांध्याकडे उतरणारी हिरवट-पिवळी रेघ इतकी स्वच्छ दिसली, की मला दाखवताना त्यांनी बोटही लावले नाही. वर, इंजिनातली वाफ आणि तेल वेगळे करणाऱ्या डब्याच्या घडीदार रबरी नळीला, घडीच्या आतल्या बाजूस नखाएवढी चीर होती. उष्णतेने रबर इतके कडक झाले होते, की दाबल्यावर ते तडकल्याचा आवाज आला. त्या चिरेतून हवा आत ओढली जात होती, म्हणून आवाज वर-खाली. आणि तेल बाहेर येत होते, म्हणून डाग. सव्वा लाख खर्चून खालचे सील बदलले असते, तर दोन्ही तक्रारी तशाच राहिल्या असत्या.

नळी साडेचार हजारांची निघाली. फिटरांनी बिलावर ती बसवण्याची मजुरी लिहिली आणि वेगळ्या ओळीत ‘शोधण्याचे दोन तास’ असेही लिहिले. खरे सांगायचे तर त्या ओळीपाशी माझा हात क्षणभर अडखळला. आपण ग्राहक बदललेल्या भागाचे पैसे मुकाट देतो. शोधण्याचे कोणी मागितले की ‘नुसते बघायचे कसले पैसे’ असे म्हणतो. मग गॅरेजवालेही बघण्यात वेळ घालवत नाहीत, भाग बदलून मोकळे होतात. तेव्हा वर्कशॉपनी निदानाची मजुरी दरपत्रकात स्वतंत्र लावावी, गळतीचा उगम गाडीमालकाला डोळ्यांनी दाखवावा आणि काढलेला भाग त्याच्या हाती द्यावा. आणि आपणही ती मजुरी घासाघीस न करता द्यावी. हे स्पोर्ट्स कारपुरतेच नाही. मोपेडला आणि रिक्षालाही इंजिन असते, आणि तेल तिथेही वरूनच खाली येते.

गाडीखाली मी अजूनही रात्री अंक पसरतो. गेले तीन आठवडे ते सकाळी कोरडे निघतात आणि रद्दीत जातात. सचिवांनी मात्र जुन्या डागाचा ब्लॉक बदलून मागितला आहे.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे