आई-अण्णांना : गुडघे, काठी आणि ती काळी पुडी

लातूर

ती. आई आणि अण्णा यांना
साष्टांग नमस्कार.

फोनवर गुडघ्याचं विचारलं की आई "बरंय" म्हणते आणि फोन अण्णांकडं देते. अण्णा तुरीचं आणि बोअरच्या पाण्याचं सांगतात. म्हणून सगळं कागदावर लिहून पाठवतेय. अण्णा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तुमच्याबद्दल जे लिहिलंय तेही गाळू नका.

आधी पुडीचं बोलते, कारण त्याला उशीर चालणार नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळ्या बायका म्हणाल्या, आईची तब्येत सुधारली, तोंडावर तेज आलं. मला ते तेज वाटलं नाही. गाल गोल आणि फुगीर झालेत, दंड-मांड्या मात्र उतरल्यात. मग आईनं डब्यातून ती काळी पुडी काढून दाखवली. आठवडी बाजारात घेतलेली, झाडपाल्याची, आणि "दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला" म्हणाली. आई, जुनाट दुखणं दोन दिवसांत घालवणारा झाडपाला मला माहीत नाही. दोन दिवसांत असा गुण स्टेरॉइड देतं. झाडपाल्याच्या नावाखाली विकलेल्या अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचं पुष्कळदा उघड झालंय. आमच्या दवाखान्यातल्या ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, वॉर्डात असे गोल चेहरे मी पाहते. काहींची साखर वाढलेली असते, काहींची हाडं इतकी ठिसूळ झालेली असतात की नुसतं घसरल्यानं खुबा मोडतो.

तुझ्या पुडीत ते आहेच, असं मी इथं बसून सांगू शकत नाही. पण तुझं तोंड बघून मला झोप लागली नाही. आणि एक गोष्ट नीट ऐक : घाबरून ती पुडी एकदम फेकून देऊ नको. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. अचानक बंद केलं तर उलट्या होतात, बीपी उतरतं, माणूस उठूही शकत नाही, जिवावरही बेततं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावं लागतं. म्हणून याच आठवड्यात इकडं ये. आपल्या मनानं बंद नको, आणि दुखतंय म्हणून जास्तही नको.

अण्णा, तुमची मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळीसुद्धा मला तितकीच खटकते. तुम्हाला बीपी आहे, साखर आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या की पोटात व्रण होतो, किडनीवर ताण येतो आणि बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो. कधीतरी, डॉक्टरांना विचारून, चार दिवस घेणं निराळं. सकाळच्या चहाबरोबर रोज घेणं थांबवा.

मग दुखण्याला करायचं काय? आई म्हणते, "आता आराम करते, म्हणजे झीज थांबेल." माझं सगळं पत्र या एका वाक्याशी भांडण आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, रक्ताची नळी नसते. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात ते वंगण स्पंजात पाणी शिरावं तसं आत शिरतं. बसून राहिलेल्या गुडघ्याला हे मिळत नाही. वर मांडीचे स्नायू आटतात आणि सगळा भार उघड्या सांध्यावर येतो. ज्या गुडघ्याला तू जपतेस तो जपण्यानंच आणखी आखडतो. येळवशीला तू गाडीवर बसून शेतात आलीस. आंबील-भज्जीची पाटी डोक्यावर घेऊन पांदीनं सगळ्यांच्या पुढं चालणारी आई मला आठवत होती. ते चालणं पुन्हा येईल, असं मी मनापासून मानते. पाटी मात्र आता दुसऱ्यानं घ्यायची.

सकाळी उठल्या उठल्या अंथरुणावरच सुरुवात कर. पाय लांब कर, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघ्यानं ती खाली दाब, मनात पाचपर्यंत मोज, सोड. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचल, थांब, सावकाश खाली घे. आठवडाभरानं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं सुरू कर. जमलं नाही तर हाताचा आधार घे, पण कर. मांडी थरथरली तर घाबरू नको, काम होतंय म्हणून थरथरते. मात्र दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा जास्त ठणकला, तर थोडं कमी कर. साधारण सहा आठवडे नेमानं केलं की फरक जाणवतो, त्याआधी "काही उपेग नाही" म्हणायचं नाही.

मग चालणं, दोघांनी मिळून. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय की आठवड्याला निदान 150 मिनिटं झपझप चालण्याइतका व्यायाम हवा, आणि वय 65 च्या पुढं असेल तर तोल सांभाळण्याचा व्यायामही आठवड्यात तीन दिवस हवा. पहिल्या दिवशी मारुतीच्या पारापर्यंतच जा. अण्णा, तुम्ही म्हणता, "शेतात फिरतो की." बांधावर उभं राहून गड्याशी बोलणं म्हणजे चालणं नव्हे. तुमचं एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. चालताना छाती आवळली, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, दरदरून घाम आला, तर "गॅस आहे" म्हणून सोडा पिऊ नका. तिथंच बसा आणि 108 ला फोन लावायला सांगा.

आणि अण्णा, तुमची काठी चुकीच्या हातात आहे! उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात हवी. उजवं पाऊल आणि डाव्या हातातली काठी एकदम पुढं टाकायची, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार खरोखर कमी होतो. खाली रबराचं बूच बसवून घ्या.

चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी थापणं, खुरपायला बसणं आणि संडासाला उकिडवं बसणं, या तीन गोष्टींत गुडघा सगळ्यात जास्त दुमडतो. गॅसची शेगडी ओट्यावर आहे, ती दिवाळीलाच का पेटते? भोक असलेली कमोडची खुर्ची मी घेऊन ठेवलीय. अण्णा, त्यात लाज कसली.

शेकाचं, तेलाचं मला पटतं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकलं की स्नायू सैल होतात, थंडीत तर फारच बरं वाटतं. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. कोमट तिळाच्या तेलानं एकमेकांचे पाय चोळा. त्यानं झिजलेली कूर्चा भरून येत नाही, पण दुखणं हलकं होतं आणि झोप लागते, आणि झोप लागली की दुखणं सोसण्याचं बळ वाढतं. मात्र अण्णांना शेकताना आईनं आधी आपल्या हाताला लावून बघावं. साखरेमुळं पायाची जाणीव कमी होते, चटका बसला तरी कळत नाही. बिब्बा अजिबात लावायचा नाही. बिब्ब्याच्या तेलानं कातडी जळून फोड आलेली माणसं दवाखान्यात येतात. हळदीचं दूध प्या, खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर व्यायाम चुकवू नका.

खाण्याचं थोडक्यात. आई सगळ्यांच्या मागून जेवते आणि तिच्या ताटात भाकरी, ठेचा आणि उरलेलं कालवण असतं. स्नायू त्यावर बनत नाहीत. रोज घट्ट वरण, वाटीभर दही, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे, तिळाची नाहीतर जवसाची चटणी, हे तिच्या ताटात आधी वाढा. आणि अण्णा, ज्वारीची भाकरी चांगली असली तरी चार खाल्ल्या तर साखर वाढतेच. गूळ घातलेला चहाही साखरेचाच चहा आहे.

एक शंका आहे. यंदा गावाला पाणी कमी म्हणून तुम्ही नव्या, खोल बोअरचं पाणी पिताय. आपल्या मराठवाड्यात काही ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं; किनवटकडच्या गावांनी त्याचा त्रास फार भोगलाय. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर पाठ, मान, सांधे आखडतात. उकळून ते जात नाही. ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. घरी दोघांचे सांधे एकदम का धरले, याचं कारण तेही असू शकतं आणि नसूही शकतं, पण तपासायला काय जातं.

आई, गजानन महाराजांची पालखी परळीहून अंबाजोगाईला येते तेव्हा तू पूर्वी तिच्यासोबत चालायचीस. पुढच्या आषाढी वारीला निदान गावाच्या वेशीपासून मुक्कामापर्यंत चालू, मी रजा टाकते. सांधा लालभडक होऊन ताप आला, पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र व्यायाम-शेक काही नको, तडक दवाखाना.

सोमवारी पहिल्या एसटीनं या. आई, ती पुडी डब्यासकट आण, अण्णांच्या गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटंही आण. काहीही न खाता या, रक्त तपासायचंय. अण्णा, मधुमेहाची गोळी खिशात ठेवा, ती रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायची. वाटेत गरगरलं किंवा घाम सुटला तर मात्र लगेच काहीतरी गोड खा. मी स्टँडवर थांबते, घरी पोहे करून ठेवते.

तुमची लेक