छोटीचा प्रश्न

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "पप्पा, यंदा ईस्टरला नुसती अंडी रंगवू. ते खिळे, कबर वगैरे नको." मी "बरं" म्हणालो. तुझ्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलंय, आणि जावईबापू शेजारी असताना तर नाहीच. पण ते "बरं" रात्रभर पचलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

छोटीने विचारलं, "येशू तिसऱ्या दिवशी उठला, मग आजी का नाही उठली?" आणि तू भांड्यांचं निमित्त काढून आत गेलीस. मी असतो तर मलाही पटकन सुचलं नसतं. पण पोरीने नेमक्या जागी बोट ठेवलंय बघ. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय अख्खा याच प्रश्नाभोवती आहे. तिला सांग, आजी अजून उठली नाही. ख्रिस्ताला पौल प्रथमफळ म्हणतो. शेतातली पहिली पेंढी घरी आली म्हणजे बाकीचं पीक मागून येणार, त्याच दिवशी सगळं खळं भरत नाही. एवढं तिला कळेल. "आजी झोपलीये" असं मात्र सांगू नकोस. शास्त्रात महानिद्रा म्हटलंय ते मोठ्यांना समजतं; पाच वर्षांचं पोर रात्री डोळे मिटायला घाबरेल. आजी वारली, असंच सांग. मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशूसुद्धा रडला होता हेही सांग, म्हणजे तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर ती बावरणार नाही.

येतं ना गं पाणी? राहू दे, हे विचारणार नव्हतो.

येशूच्या मरणाचा शुक्रवार वगळू नकोस, एवढंच माझं म्हणणं. खिळ्यांचं वर्णन करत बसायला कोण सांगतंय? शुभवर्तमानात तरी ते कुठे आहे? त्याला वधस्तंभावर खिळलं, एवढं एका ओळीत सांगून मार्क पुढे जातो. रक्ताचे पाट आपण मागाहून चित्रांतून आणि सिनेमांतून वाहवले. शास्त्र रेंगाळतं ते दुसरीकडेच. मित्र पळाले, पेत्राने तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं, बाया मात्र दुरून का होईना, उभ्या राहिल्या. ऐन वेळी मैत्रिणीने हात सोडला की कसं वाटतं, हे छोटीला नीट माहीत आहे. तिथून सुरुवात कर. आणि ज्यांनी खिळलं त्यांच्यासाठीच त्याने क्षमा मागितली, तिथे जरा थांब. "तुझ्या खोड्यांमुळे येशूला मारलं" असली धमकी कुणी घरात देऊ नये. दादूने एकदा ती कुठूनशी ऐकून आणली होती, तुझ्या आईने त्याला तासभर मांडीवर घेऊन समजावलं.

तिसरा दिवस कसा, हेही विचारतील. शुक्रवार, शनिवार, रविवार, बोटांवर मोजून दाखव. यहुदी लोक दिवसाचा तुकडाही दिवस म्हणून धरत. दादू मोठा आहे, तारीख दरवर्षी का बदलते ते त्याला हवं असेल. येशूचं मरण यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळचं, आणि तो सण पौर्णिमेचा, म्हणून वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार. 325 साली निकियाला बिशपांची परिषद भरली, तिथे सगळ्यांनी एकाच रविवारी पाळायचं ठरलं. आपल्याकडे तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान पडतो. त्याला चंद्र दाखव, कॅलेंडर नको.

मी परत शिकवायलाच लागलो. माफ कर. चाळीस वर्षं खडू हातात होता, तो सुटत नाही.

तुला ती मातीची कबर आठवते का? आईने ताटात केली होती. कापसाचा बाहुला तिच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून आत ठेवायचा आणि तोंडाशी दगड लावायचा. तू शनिवारी दुपारीच गुपचूप दगड सरकवलास, आणि बाहुला तसाच आत पाहून हंबरडा फोडलास. मी म्हणालो, काढून टाक तो, पोर रडतंय. आईने ऐकलं नाही. म्हणाली, "आज शनिवार आहे. आज काहीच होत नाही." मग दिवसभर तुला कडेवर घेऊन फिरली. रविवारी पहाटे आत नुसता रुमाल, नीट घडी घातलेला. "घडी कोणी घातली?" हा तुझा पहिला प्रश्न. मी योहानाचा विसावा अध्याय काढून दाखवला, येशूच्या डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता असं तिथे आहे. तू इतकी खूश झालीस की नाश्त्याला बसेनास.

आईच्या अंत्यविधीत तू लाजराचा अध्याय वाचलास. आवाज एकदाही कापला नाही. मी मान खाली घालून बसलो होतो, पण छाती भरून आली होती. आणि तेव्हाच मला भीती वाटली. त्यानंतर तू शास्त्र उघडलेलं मी पाहिलं नाही. अंडी रंगवायची ती पोरांसाठी की तुझ्यासाठी, हे मला कळत नाहीये.

उत्तर देऊ नकोस. पण विश्वास पक्का नसेल तर गोष्ट सांगायची नाही, असं तुला वाटत असेल तर ऐक. मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या बाया कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत. लूक लिहितो, प्रेषितांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. मग्दालीया मरीयेने तर उठलेल्या येशूला माळी समजलं, त्याने तिच्या नावाने हाक मारली तेव्हा कुठे ओळखलं. त्या सकाळी खात्री कुणालाच नव्हती, तरी गोष्ट आपल्यापर्यंत आलीच ना.

अंडी रंगव, माझी काही ना नाही. उपासकाळात चाळीस दिवस अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला त्यांचं अप्रूप. कवच म्हणजे बंद कबर, असंही सांगतात. रंग हाताला लागले तर लागू देत.

रविवारी उपासनेनंतर फोन करतो. छोटीला फोनवर घे, तिला काय सांगितलंस ते तिच्याच तोंडून ऐकेन. तुला काही विचारणार नाही, शब्द देतो.

तुझे,
पप्पा

ता.क. येशू उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा शिष्याची गोष्ट त्याच दिवशी उरकू नकोस. त्याला आठ दिवस लागले होते. पुढच्या रविवारी सांग.