‘फक्त बीपीची’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानातून परस्पर औषधं घेणाऱ्यांवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. त्यातले धोके खरे आहेत. पण लोक असं का करतात, याचं उत्तर लेखात दोन शब्दांत उरकलंय: अज्ञान आणि निष्काळजीपणा. ते मला पटलं नाही, आणि का पटलं नाही हे सांगायला माझ्याकडे घरचाच अनुभव आहे.

माझी आई ७२ वर्षांची आहे. तिला कुणी अज्ञानी म्हणणार नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय ती पाकीट उघडत नाही, आणि बीपीची गोळी सकाळी नवाच्या ठोक्याला घेते. काही वर्षांपूर्वी प्रत्येक तपासणीत तिचं बीपी चढं यायला लागलं. डॉक्टरांनी आधी त्याच गोळीचा डोस वाढवला, मग लघवीवाटे पाणी काढणारी दुसरी गोळी जोडली. दर वेळी ते विचारायचे, “आणखी कुठली औषधं चालू आहेत?” आई म्हणायची, “नाही, फक्त बीपीची.” शेजारी बसून मीही मान डोलवायचे.

पुढे तिचे पाय सुजायला लागले. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं द्रव्य, १.९ आलं. आदल्या वर्षी ते ०.९ होतं. त्याच संध्याकाळी तिने मला चष्मा आणायला सांगितलं. चष्म्याचं घर उघडलं तर चष्म्याखाली गोळ्यांची पट्टी, दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. आयबुप्रोफेन. कपाटाच्या खणात रबर लावून ठेवलेल्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. दुकानात नाव सांगताना गोंधळ नको म्हणून ती नेहमी जुनी पट्टी दाखवायला न्यायची. गुडघ्यांसाठी रोज दोन, कधी तीन गोळ्या, सात-आठ महिने.

मी चिडून विचारलं, “आई, डॉक्टरांना का नाही सांगितलंस?” ती खरोखर गोंधळली. म्हणाली, “अगं, ते औषध विचारत होते. ही तर दुखलं की घ्यायची गोळी.”

संपादक महोदय, माझ्या मते सगळी गोम या वाक्यात आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ते औषध, आपण आणलेली ती नुसती गोळी. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशोबात ती गोळी औषधात जमाच होत नव्हती, आणि कित्येक घरांत हेच चालतं.

शरीराला मात्र हा फरक कळत नाही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होणं रोखतात. त्यामुळे दुखणं आणि सूज कमी होते. पण हीच द्रव्यं मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या रुंद ठेवायला मदत करतात, पोटाच्या अस्तराचं रक्षणही करतात. ती कमी झाली की अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि बीपीच्या बऱ्याचशा गोळ्यांचा जोर ओसरतो. म्हणजे आईचं बीपी तिच्या गुडघ्याच्या गोळीने चढत होतं आणि आम्ही बीपीची औषधं वाढवत होतो. त्यातही काही जातीच्या बीपीच्या गोळ्या, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक असं त्रिकूट मूत्रपिंडाला फारच जड जातं, आणि आईच्या पोटात नेमकं तेच त्रिकूट होतं. गोळी बंद केल्यावर क्रिएटिनिन १.२ पर्यंत उतरलं. पूर्वीइतकं ते आजही नाही.

मग तिने ती गोळी का घेतली? मी खोदून विचारलं तेव्हा कारणं एकेक करून बाहेर आली. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे मला सुट्टी घ्यावी लागते. गेलं तर पाच मिनिटांत “वय झालं, चालायचंच” ऐकून परत यायचं. रात्री तीनला गुडघा ठणकतो तेव्हा दवाखाना उघडा नसतो, आणि गोळीने अर्ध्या-पाऊण तासात डोळा लागतो. शेवटचं कारण तिने खाली बघत सांगितलं: “सारखं दुखतंय दुखतंय म्हणून तुम्हाला किती पिडायचं?”

यात निष्काळजीपणा कुठे आहे? उलट काळजीच आहे, फक्त ती दुसऱ्यांची. सर्दी-तापातही गोळी घेऊन कामावर जाणाऱ्यांचं असंच असतं. त्यांना बरं व्हायला दोन दिवस पडून राहणं जमण्यासारखं नसतं. रजा मागितली तर कपाळाला आठ्या दिसतात, म्हणून गोळी घेऊन आठ तास ढकलायचे. काहींना लाज आड येते. मूळव्याध, जांघेतली खाज यांवरचं मलम दुकानात हळू आवाजात मागता येतं, दवाखान्यात मात्र कपडे बाजूला करावे लागतात. आणि एक कारण साधं आहे, ते लेखात यायला हवं होतं: पुष्कळदा लोकांचं बरोबरच असतं. साधी सर्दी आठवडाभरात जाते, एखाद्या दिवसाच्या डोकेदुखीला एक गोळी पुरते. अशा प्रत्येक दुखण्यासाठी लोक दवाखान्यात गेले तर खऱ्या आजारी माणसाचा नंबरच लागणार नाही.

बिघडतं ते मोजणं सुटल्यावर. पॅरासिटॅमॉलचं घ्या. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. लहान चणीच्या, अशक्त किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाला त्याहून कमी. तापाला एक गोळी आणि सर्दीला वेगळ्या नावाची दुसरी घेणाऱ्याला वाटतं, आपण दोन औषधं घेतली. पण सर्दीच्या बऱ्याच मिश्रणांतही पॅरासिटॅमॉलच असतं. जास्त झालं तर पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, किंवा तीही होत नाही, आणि यकृताची हानी आतल्या आत सुरू झालेली असते. यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. काही होत नाहीये म्हणून घरी थांबलेला माणूस तीच वेळ घालवतो.

डोकेदुखीचंही तसंच. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी महिनोन्‌महिने घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. मिश्र गोळ्यांना १० दिवसही पुरतात. आता माणूस गोळी घेतो ती आधीच्या गोळीने आणलेल्या दुखण्यावर. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचाही चार-पाच दिवसांनंतर असाच उलटा परिणाम होऊ लागतो.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत कंपन्यांच्या नावांऐवजी आतल्या घटकांची नावं ठळक छापावीत, म्हणजे घरातली पाकिटं समोर धरून वाचकाला ती ताडून बघता येतील. गोळ्या बनवणाऱ्यांनीही घटकाचं नाव वाचता येईल इतकं मोठं छापावं. आईच्या पट्टीवर ते इतकं बारीक होतं की ते वाचायला तिला तोच चष्मा लागला असता. औषध देणाऱ्यांनी पट्टी हातात ठेवताना “बीपीची वगैरे काही गोळी चालू आहे का?” एवढं विचारावं. आणि डॉक्टरांनी प्रश्न बदलावा. “कुठली औषधं चालू आहेत?” याला आईसारखी माणसं प्रामाणिकपणे अपुरं उत्तर देतात.

आमच्या डॉक्टरांनी तो बदलला. गेल्या खेपेला त्यांनी आईला विचारलं, “दुखलं-खुपलं, पोट बिघडलं, झोप नाही आली, तर तुम्ही काय घेता?” आईने बोटं मोजायला सुरुवात केली. गुडघ्याला लावायचं मलम, छातीत जळजळलं तर चघळायची गोळी, खोकल्याचं सिरप, आणि झोप येत नाही तेव्हा सर्दीची अर्धी गोळी. डॉक्टर लिहून घेत होते. शेवटच्या दोन गोष्टी मला तेव्हाच पहिल्यांदा कळल्या.

आपली,
एक नियमित वाचक