मूळ अभंग छापा, अर्थ त्याखाली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतलं संतवाणीचं सदर मी नेमानं वाचते. अलीकडे त्यात मूळ अभंग वगळून नुसता भावार्थ छापला जातो. जागेची ओढाताण असेल आणि जुनी भाषा नव्या वाचकाला जड जाते, हेही मान्य. पण अभंगाचा अर्थ त्याच्या बांधणीतून सुटा काढता येत नाही, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

जनाबाई आमच्या गंगाखेडची. तिची एक ओळ घ्या: ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी ॥’ अक्षरं मोजून पाहा. आठ जनीला, आठ चक्रपाणीला. तिनं झाडायचं, त्यानं भरायचं, आणि यमकानं दोघांची नावं शेजारी शेजारी आणून ठेवलेली. देवाचा मोठेपणा सांगायला ओळीत जागाच नाही. जनीला त्याचं नवलही वाटत नाही; पुढच्या ओळीत तो पाटी डोक्यावर घेऊन केर लांब टाकून येतो, तेही तितक्याच सहज. हेच गद्यात लिहायला बसलं की ‘प्रत्यक्ष परमेश्वर’, ‘हलकीसलकी कामे’ असे शब्द हमखास येतात. ते आले की देव पुन्हा उंचावर जाऊन बसतो आणि जनी पुन्हा दासी होते. तिनं आठ-आठ अक्षरांत साधलेली बरोबरी आपण समजावून सांगण्याच्या नादात मोडतो. कीर्तनात टाळकरी हीच ओळ घोळून घोळून म्हणतात, तेव्हा ही दोन नावं एकाच दमात तोंडातून निघतात. भावार्थ असा कुणी म्हणत नाही.

पैठणच्या नाथांनी तर एकाच हातानं वेगवेगळे घाट घडवले. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका ओवीत आहे. ती 1573 साली काशीत पूर्ण झाली. ग्रंथातल्या ओवीला अक्षरांचं बंधन सैल, त्यामुळे विवेचन हवं तितकं लांबवता येतं. शांतपणे ऐकणाऱ्या श्रोत्यांसाठी ते योग्यच. पण काम-क्रोधाचा दाह जत्रेतल्या माणसांपर्यंत पोचवायचा होता, तेव्हा त्यांनी भारूड निवडलं आणि ‘विंचू चावला’ असा टाहो फोडला. भारूड करणारा स्वतः कळवळतो, गडबडा लोळतो, पुढे बसलेली पोरं दचकतात. कडब्याची गंजी उपसताना विंचू चावलेला माणूस आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे त्या कळा कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. हा विंचू कशाचा, हे नाथ त्याच भारुडात सांगतात, सत्त्वगुणाचा उताराही देतात. लपवाछपवी काही नाही. पण ठणका आधी लागतो, उपदेश मागून येतो. आणि तो उपदेश करणारा व्यासपीठावरून बोलत नसतो, तोच चावलेला असतो. ‘या भारुडात विकारांना विंचवाची उपमा दिली आहे’ एवढं छापलं, तर त्यातला ठणका कुठे राहिला?

मी शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हा मुलं परीक्षेसाठी कवितेचा ‘सरळ अर्थ’ पाठ करून यायची. कविता म्हणून दाखव म्हटलं की अडायची. वर्तमानपत्रानं तरी ती सवय वाढवू नये.

माझी विनंती एवढीच, की मूळ अभंग पूर्ण छापावा, चरण नीट तोडून. जागा वाचवायला ओळी सलग जोडू नयेत. कठीण शब्दांचे अर्थ खाली बारीक टायपात दिले तरी पुरे. विवेचन चार ओळींचं झालं तरी आम्हा वाचकांची तक्रार नसेल, आणि आठवड्याला एकच अभंग आला तरी चालेल.

आपली,
एक वाचक (निवृत्त शिक्षिका),
गंगाखेड, जि. परभणी