विज्ञानकथेतल्या मैत्रिणी कालच्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांमधल्या मैत्रिणींवरचा लेख दोनदा वाचला. हा विषय घेतलात, आभार. पण ‘या साहित्यात बायकांची मैत्री अलीकडेच दिसू लागली’ हे लेखकाने कशाच्या आधारावर लिहिलं, ते कृपया कळवावं.

मेरी शेलीची १८१८ सालची कादंबरी ‘फ्रँकेन्स्टाइन’ त्यांनी वाचली असेलच. घरातल्या जस्टिन या मोलकरणीवर खुनाचा आळ येतो, लोक तिच्यावर उलटतात, तेव्हा भर कोर्टात तिच्या चांगुलपणाची ग्वाही द्यायला उभी राहते ती त्याच घरातली एलिझाबेथ. खुनी आपणच घडवलेला राक्षस आहे हे ओळखून असलेला शास्त्रज्ञ व्हिक्टर तोंड उघडत नाही. आणि रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ची ‘सुलतानाज् ड्रीम’, बायकांच्या राज्याची ती कथा? त्यातली उन्हावर चालणारी स्वयंपाकघरं सगळे सांगतात. पण पडद्याची सवय असलेली सुलताना उघड्या रस्त्यावर चालताना तिची बोटं सोबतिणीच्या हातात थरथरतात आणि ती सोबतीण मायेने विचारते, काय झालं? ही जागा कोणी सांगत नाही. मला ती कथा एवढ्यासाठीच आठवते.

मी एवढी चिडले आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मासिकाकडे मी विज्ञानकथा पाठवली होती. अंतराळस्थानकावर दोघी तंत्रज्ञ. एक दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली, तिच्या सूटमध्ये कार्बन डायऑक्साइड साचत चाललेला, तिला गुंगी येऊ लागलेली. आतली तिला बोलतं ठेवते. न परत केलेल्या पुस्तकावरून भांडते, जुन्या परीक्षेतल्या गमती काढते, काहीही करून तिला झोपू देत नाही. तिथल्या संपादकांचं उत्तर आलं: ‘संघर्ष कमी पडतो. आतलीला बाहेरचीचा हेवा वाटतो असं दाखवा. दोघींचं एकाच कमांडरवर प्रेम असेल तर उत्तम.’

एक बाई श्वासासाठी तडफडते आहे, हा संघर्ष त्यांना पुरला नाही.

मी नवखी होते. मी बदल केला. कथा छापून आली. जिच्यावरून मी ती आतली मुलगी लिहिली होती, त्या मैत्रिणीने वाचून फोन केला. म्हणाली, “मी तुझा हेवा कधी केला गं?” मी संपादकांचं कारण पुढे केलं. ती म्हणाली, “पण लिहिलंस तूच ना.”

म्हणून आपल्या लेखकाला माझं सांगणं आहे की मैत्रिणी दिसत नाहीत असं लिहिण्याआधी, लिहिलेल्या किती मैत्रिणी संपादकांच्या टेबलावर सवती होऊन बाहेर पडल्या, तेही विचारा. निम्मा लेख त्यांनी बेक्डेल चाचणीवर खर्च केला, म्हणजे सिनेमात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी, या नियमावर. १९८५च्या ज्या चित्रकथेतून ती चाचणी आली, त्यातल्या बाईला नियमात बसणारा शेवटचा सिनेमा म्हणून आठवतो तो ‘एलियन’, म्हणजे विज्ञानपटच! कारण त्यात दोन बायका राक्षसाबद्दल बोलतात. नेमकं हे लेखात नाही.

आणखी एक. लेख मैत्रीवर आणि सोबत चार स्तंभ रुंदीचं चित्र कशाचं, तर तलवार घेऊन पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एकट्या बाईचं. चार स्तंभांत दुसरीला जागा झाली नसती का? चित्रकाराला लेख वाचायला दिला होता की नुसता मथळा, एवढं तरी कळावं.

आपली,
एक जुनी वाचक